आधी मला कजाग म्हणायचे, आता मुलीलाही म्हणायला लागलेत

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पस्तिशीच्या, नोकरी करणाऱ्या, एक नऊ वर्षांची मुलगी. मागच्या वर्षी सासूबाईंचं मोठं ऑपरेशन झालं, खर्च दोन्ही मुलांनी निम्मा निम्मा करायचा असं ठरलेलं, प्रत्यक्षात जवळजवळ सगळा यांच्याच घरातून गेला. दिरांना फोनवर दोन-तीनदा विचारून झालं, दर वेळी 'देतो की, पळून चाललोय का'. शेवटी एका घरगुती कार्यक्रमात सगळे बसलेले असताना ताईंनी मोबाईलमधली बिलांची यादी उघडली आणि सगळ्यांसमोर हिशोब विचारला. दीर हसत म्हणाले, 'आल्या बघा आमच्या झाशीच्या राणी'. आवाज चढले, ताईंनी हातातला ग्लास टेबलावर आपटला आणि तो फुटला. त्या दिवसापासून सासरी त्यांचं नाव 'कजाग' पडलंय. ऑफिसच्या रिव्ह्यूमध्येही 'थोड्या ॲग्रेसिव्ह वाटतात' असा शेरा आला. त्यांचा सख्खा भाऊ याच्या दसपट आरडाओरडा करतो, पण त्याला सगळे 'तापट आहे हो, मनाने मात्र चांगला' म्हणतात. आणि आता, चुलतभावाशी खेळावरून भांडलेल्या मुलीला एका नातेवाईक बाईंनी म्हटलं, 'अगदी आईवर गेलीये, ही पण कजागच निघणार'. तेव्हापासून मुलीचा आवाज जरा चढला की ताई तिला गप्प करतात. मिस्टरांनी 'कजाग'चा मूळ अर्थ शोधला, तो 'लुटारू' निघाला, ते हसले आणि 'शब्दच तर आहे, एवढं काय मनावर घेतेस' म्हणून विषय संपवला. ताई विचारतायत की मी खरंच अशी आहे का, स्वभाव बदलतो का, आणि मुलीला हा शब्द चिकटू नये म्हणून काय करू.

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही 'मी कजाग आहे का' हे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलंय, पण 'दिरांनी पैसे दिले का' हे कुठेच लिहिलेलं नाही. मी पत्र परत एकदा वाचलं, म्हटलं आपल्याच नजरेतून सुटलं असेल. नाही, नाहीचये. म्हणजे बघा, एका शब्दाने काय काम केलं ते, विषय होता हिशोबाचा आणि आता सगळं घर, तुम्ही स्वतः धरून, तुमच्या स्वभावावर चर्चा करतंय. ज्याने पैसे द्यायचे होते तो यातून कधीच बाजूला झाला.

आता मिस्टरांच्या संशोधनाकडे येऊ, कारण शब्दांची मुळं खणायची मलाही खोड आहे. कजाग हा शब्द तुर्कीतल्या 'कझाक'शी नेऊन जोडतात, कझाकस्तानमधला कझाक तोच आणि रशियाच्या इतिहासातले घोडेस्वार कोसॅक म्हणतात तेही त्याच मुळातले. तर अर्थ लुटारू असा होताच, पण तेवढाच नव्हता. आपल्या टोळीतून फुटून निघालेला, कुणाच्या हुकमात नसलेला, वणवण करणारा माणूस म्हणजे कझाक. मध्य आशियात राज्य हातचं गेलं की राजपुत्र मूठभर माणसं घेऊन रानोमाळ भटकायचे, त्या भटकंतीच्या काळाला या शब्दावरूनच नाव होतं, आपल्याकडे येण्याआधी बाबरानेसुद्धा असे दिवस काढलेत. म्हणजे मिस्टरांना सांगायचंच असतं तर 'कुणाच्या हुकमात न राहणारी' असंही सांगता आलं असतं, पण ते कशाला सांगतील, लुटारू म्हणण्यात जास्त मजा आहे ना.

पण थांबा, यावर लगेच खूशही होऊ नका. मूळ अर्थ चांगला निघाला म्हणून शब्द चांगला होत नाही, वाईट निघाला म्हणून वाईट होत नाही. 'राग' घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली आणि त्यावरून ओढ, आसक्ती, प्रेम, अनुरागमध्ये तो अजून तसाच आहे आणि गाण्यातला रागही त्याच घरातला. मराठीत मात्र राग आला म्हटलं की कुणी प्रेमात पडलं असं समजत नाही. 'साहस' त्याच्या उलटं. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, लूटमार, मारहाण वगैरे, मनुस्मृतीत जे वादाचे 18 विषय सांगितलेत त्यातला तो एक आहे, आणि आज आपण मुलांना साहसी व्हा म्हणून शिबिराला पाठवतो. एक लुटारू सुधारून वीर झाला आणि दुसरा लुटारू सासरच्या हॉलमध्ये येऊन शिवी झाला. तेव्हा शब्द कुठून आला यावरून तुम्ही कोण हे ठरत नाही, तो आज कुणाच्या तोंडून, कुणासाठी, कोणत्या वेळी येतो ते बघावं लागतं. मिस्टर म्हणतात 'शब्दच तर आहे', हो, शब्दच आहे, पण तो आला कधी? तुम्ही हिशोब मागितल्यावर. त्याआधी इतकी वर्षं त्या घरात तुमचं काय नाव होतं? पत्रात एका ओळीत लिहिलंयत, 'आधी सगळे मला कामसू म्हणायचे'. ती ओळ मी अधोरेखित करून ठेवलीये.

हे शब्द कुणाकुणाला लागतात तेही बघा. कजाग, कैदाशीण, जहांबाज, त्राटिका, चंडिका, महामाया. यातला एक तरी शब्द तुम्ही पुरुषासाठी सहज वापरलेला ऐकलाय का? 'आमचे साहेब फार त्राटिका आहेत' असं कोण म्हणतं? पुरुषांसाठी आपल्याकडे वेगळं कपाट आहे, तापट, कडक, करारी, शीघ्रकोपी, जमदग्नी, फारच झालं तर दुर्वास, म्हणजे शेवटी ऋषीच. बाईला राक्षशीण आणि पुरुषाला ऋषी, आणि दोघांनी केलं काय, तर आवाज चढवला.

तुमच्या भावाच्या 'तापट'कडे जरा जवळून बघा, फार सोयीचा शब्द आहे तो. त्यात ताप आहे, उष्णता. उष्णता चढते, उतरते, त्यात माणसाचा दोष काय, तो बिचारा तापतो एवढंच, आणि मग 'मनाने चांगला' हे पुढचं वाक्य आपोआप येतं. कजागला असं पुढचं वाक्य नाही. 'कजाग आहे हो, पण मनाने चांगली' असं मी तरी कधी ऐकलं नाही. एका शब्दाला बाहेर पडायला दार ठेवलंय, दुसऱ्याला नाही. (जाता जाता, रागीट माणसाला आपण तामसी म्हणतो ना, गीतेत तिसऱ्या अध्यायात 37 व्या श्लोकात क्रोध हा रजोगुणातून येतो असं सरळ लिहिलंय. पण रोजच्या बोलण्यात 'फार राजसी आहे हो' म्हटलं तर लोकांना थाटमाट वाटेल. असो.)

ऑफिसच्या ॲग्रेसिव्हचंही तेच आहे. नोकरीच्या जाहिरातीत ॲग्रेसिव्ह सेल्सवाला पाहिजे असतो, मॅचमध्ये ॲग्रेसिव्ह बॅटिंगवर टाळ्या पडतात, आणि रिव्ह्यूमध्ये तुमच्या नावापुढे तोच शब्द आला की सुधारणा करा. गंमत म्हणजे हा लॅटिन शब्द आणि आपला 'आक्रमक', दोन्हींच्या पोटात एकच चित्र आहे, पुढे पाऊल टाकणं, कुणाच्या तरी दिशेने चालून जाणं. तर साहेबांना विचारायचं ते एवढंच की मी कुठे, कुणाच्या अंगावर चालून गेले. हे भांडून नका विचारू, मेलवर शांतपणे विचारा, 'रिव्ह्यूमधल्या या शेऱ्यावर काम करायचं आहे, कोणत्या मीटिंगमध्ये, माझ्या कोणत्या वाक्यावरून असं वाटलं ते सांगितलंत तर मदत होईल'. उदाहरण आलं तर त्यावर विचार करता येतो, कदाचित खरंच तुम्ही कुणाचं बोलणं मध्येच तोडत असाल. उदाहरण आलंच नाही तर तेही समजलं आणि लेखी समजलं.

आता तुमच्या बाजूने इतकं बोललो म्हणून ग्लासाचं सोडून देणार नाही. पत्रात तुम्ही 'ग्लास फुटला' असं लिहिलंय, तो आपोआप फुटलेला नाही. काच उडाली, बाजूला मुलं खेळत होती असंही तुम्हीच पुढे लिहिलंय. हिशोब मागणं आणि ग्लास आपटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घरच्यांनी दुसरीच्या आडून पहिली गुंडाळली, आणि तुम्ही पहिलीच्या आडून दुसरी गुंडाळताय. दोन्ही सुट्या करा.

त्यासाठी एक पद्धत सांगतो. मानसशास्त्रात आक्रमकपणा मोजायची एक प्रश्नावली आहे, बस आणि पेरी या दोघांनी 1992 मध्ये केलेली, 29 विधानं आहेत तिच्यात, आणि तिचं महत्त्व असं की ती 'हा माणूस आक्रमक आहे' असा एकच गठ्ठा करत नाही, चार भाग करते. हात चालणं, तोंड चालणं, राग चढणं आणि मनात वैर धरून बसणं. आपल्या भाषेत या चारींना वेगवेगळे शब्द आधीपासून आहेतच. हात उचलणारा तो मारकुटा, तोंड सोडणारा तो तोंडाळ किंवा भांडखोर, पटकन चढणारा तापट, आणि वरून गोड राहून आत डूख धरणारा खुनशी. एकाच माणसात चारी असतील असं नाही. कुणी तापट असतो पण दहा मिनिटांनी चहा विचारतो, कुणी आयुष्यात कधी आवाज चढवत नाही आणि दहा वर्षांपूर्वीचा एक शब्द जपून ठेवतो, आणि अशा माणसाला घरात सगळे 'शांत स्वभावाचा' म्हणतात, ज्याच्यासारखी गैरसमजूत दुसरी नसेल. तुमच्या पत्रावरून मला जे दिसतं ते असं, डूख नाही, सासूबाईंचं सगळं तुम्ही अजूनही करताय, तोंड चालतं पण मुद्द्याला धरून चालतं, राग मात्र भराभर चढतो आणि त्या एका दिवशी तो हातात उतरला. मी एका पत्रावरून बोलतोय, बाकीचं तुम्हीच तपासा. हातात उतरणं हे त्या एका दिवसापुरतं आहे की घरात अधूनमधून वस्तू आपटल्या जातात, दार धाडकन लावलं जातं, मुलीवर हात उठतो, हे स्वतःशी खरं खरं बोला. अधूनमधून होत असेल तर सरळ समुपदेशकाकडे जा. तिथे जाणं म्हणजे कजाग असल्याची कबुली नाही, आणि घरच्यांना सांगायलाच पाहिजे असंही नाही.

स्वभाव बदलतो का म्हणून विचारलंत. चटकन तापायचा कल काही माणसांत लहानपणापासून जास्त असतो, तो पुसून जाईल असं मी सांगणार नाही. पण तापल्यावर तोंड काय करतं, हात काय करतात, हे शिकता येतं, आणि बाकीच्या जगाला त्रास त्याचाच होतो, तुमच्या आतल्या तापाचा नाही. छातीत धडधड, कानशिलं गरम, आवाज स्वतःलाच मोठा ऐकू यायला लागणं, ज्याची त्याची खूण ठरलेली असते, ती आली की हातातली वस्तू खाली ठेवायची. एवढंच. खोल श्वास वगैरे नंतर, आधी हात रिकामे. आणि तिथून उठायचं असेल तर सांगून उठा, 'मला आत्ता राग आलाय, मी अर्ध्या तासाने बोलते, विषय संपलेला नाही'. नुसतं उठून गेलात तर लोक म्हणणार गेली तणतणत, आणि विषय संपलाच.

भांडणाबद्दलच थोडं बोलू, कारण तुम्ही लिहिलंय 'मला आता भांडायचीच भीती वाटते', आणि मला काळजी त्याची जास्त वाटली. भांडणं हे क्रियापद भांड्यावरून आलंय असं पुष्कळांना वाटतं, भांड्याला भांडं लागणारच म्हणून, पण ते नुसतं आवाजाचं साम्य. भांडणं आलंय संस्कृतातल्या 'भण्ड्' धातूवरून, ज्यात निंदा, टवाळी, शिवीगाळ असं सगळं येतं. आणि भांडखोरमधला 'खोर' फारसी, त्याचा अर्थ खाणारा, लाचखोर, चुगलखोरमध्ये आहे तोच. तर शब्दाप्रमाणे भांडखोर कोण, तर ज्याला भांडण हेच खाणं आहे, ज्याचं त्यावर पोट भरतं. तुमचं भरतं का? दोन रात्री झोपला नाहीत, जेवण गेलं नाही असं लिहिलंय. भांडण खाणारी माणसं त्या रात्री छान झोपतात हो.

'कज्जा' हा अजून एक शब्द, कजागच्या शेजारचाच वाटणारा पण वेगळ्या घरचा, अरबी. न्यायनिवाडा करणारा काझी ज्या धातूतून आलाय त्यातूनच कज्जा आलाय, म्हणजे निवाड्याला आलेलं प्रकरण, दावा. त्यावरूनच आपल्याकडे कज्जेदलाल झालं, दुसऱ्यांचे कज्जे अंगावर घेऊन मध्ये वळवळणारा. मला वाटतं तुमच्या आणि इतर वाचकांच्याही उपयोगाचा फरक इथे आहे. स्वतःचा कज्जा असणं वेगळं आणि दलाली वेगळी. हिशोबाचा कज्जा तुमचा होता, पैसे तुमच्या घरातून गेले. पण त्याच पत्रात तुम्ही जावेच्या माहेरच्या भांडणात पडल्याचं, ऑफिसमध्ये एका ज्युनियरच्या रजेवरून तिच्यावतीने साहेबांशी वाजवल्याचं, आणि शेजारच्यांच्या पार्किंगचंही लिहिलंय. ज्युनियरने तुम्हाला सांगितलं होतं का भांडायला? नसेल तर ती दलाली, आणि कमिशन म्हणून तुम्हाला मिळाला तो 'ॲग्रेसिव्ह' शेरा. अन्याय दिसला की गप्प बसवत नाही हे मी समजू शकतो, पण दर वेळी तुम्हीच गेलात की लोकांना ज्याचं भांडण त्याला भांडायची गरजच उरत नाही, आणि खऱ्या वेळी, तुमच्या स्वतःच्या कज्ज्याच्या वेळी, 'ती काय, नेहमीचंच' म्हणून तुमचा आवाज स्वस्त होतो.

आणि कसं भांडायचं, तर न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बोलाचालीचे तीन प्रकार सांगितलेत ते मला आजही पटतात. खरं काय ते शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. काहीही करून जिंकायचंय म्हणून बोलतात तो जल्प. आणि आपलं स्वतःचं काही म्हणणंच मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा, आपला वितंडवाद तोच. तुम्ही यादी उघडलीत तेव्हा वाद सुरू झाला होता. दिरांनी झाशीची राणी काढली तेव्हा ते वितंडेवर गेले, हिशोब बरोबर की चूक यावर त्यांनी एक शब्द बोललेला नाही, बोलण्यासारखं नव्हतं म्हणून. आणि तुम्ही त्यांच्या मागोमाग गेलात, 'राणी कुणाला म्हणता, तुमची लायकी काय' वगैरे, तिथे यादी मागे पडली. पुढच्या वेळी एकच वाक्य धरून ठेवायचं आणि तेच परत परत म्हणायचं, 'राणी म्हणा नाहीतर काही म्हणा, पैसे कधी देताय ते सांगा'. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे. विशेषणाला उत्तर द्यायचं नाही, विशेषण येतंच उत्तर मिळवायला.

तशी ही झाशीची राणी साधी नाही बरं का. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वाक्पारुष्य म्हणजे शब्दांनी केलेला हल्ला हा वेगळा गुन्हा धरलाय आणि त्याचे तीन प्रकार, निंदा करणं, हिणवणं, धमकावणं. शारीरिक व्यंगावरून बोलण्याचे दर तर बघण्यासारखे आहेत. व्यंग खरं असून बोललं तरी दंड 3 'पण' (तेव्हाचं नाणं), खोटंच लावलं तर 6, आणि डोळा अधू असलेल्याला 'वा, काय सुंदर डोळे' अशी खोचक स्तुती केली तर 12. खोट्या निंदेच्या दुप्पट! ज्याने हे दर ठरवले त्याला एकत्र कुटुंबातली जेवणं नक्कीच माहिती असणार असं मला नेहमी वाटतं. दिरांचं वाक्य त्या शेवटच्या जातीचं. वरून मान, आतून टपली, आणि चिडलात तर 'अहो कौतुकच केलं की'. म्हणून त्या एका वाक्याने तुमचा तोल गेला यात मला नवल वाटत नाही. पण त्याच फूटपट्टीने स्वतःचंही मोजा, 'तुमची लायकी काय' हे हिणवण्यातच येतं, ते हिशोबाच्या यादीत नव्हतं.

आता मुलीचं, खरं तर पत्र तुम्ही तिच्यासाठीच लिहिलंय. त्या बाई काय म्हणाल्या याने जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा नंतर तुम्ही तिला जे गप्प करताय त्याने जास्त होईल असं मला वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळतं? तिने तुम्हाला विचारलेला तो प्रश्न तुम्ही पत्रात टाकलाय, 'दादाने माझा टर्न घेतला तरी मी काही बोलायचं नाही का?' तिला भांडणाचं कारण बरोबर कळलंय, फक्त पद्धत शिकायची आहे, ढकलायचं नाही, ओरबाडायचं नाही. तर दोन्ही गोष्टी तिला वेगवेगळ्या सांगा, 'टर्न तुझा होता, चिडलीस ते बरोबर, त्याला ढकललंस ते चूक, परत असं झालं तर खेळ थांबव आणि मोठ्याने सांग की माझा टर्न आहे'. मोठ्याने सांग म्हणा, हळू नको. आणि तिच्याबद्दल बोलताना 'भांडखोर आहे', 'रागीट आहे' असलं 'आहे'वालं वाक्य घरात कुणीच वापरायचं नाही, तुम्हीही नाही, लाडाने तर मुळीच नाही. 'आज भांडली' म्हणा. आज भांडली म्हटलं की उद्या नाही भांडणार याला जागा राहते, आणि कशावरून भांडली हा पुढचा प्रश्न आपसूक येतो, 'भांडखोर आहे' म्हटल्यावर तो कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि आपल्या वागण्याचं परिस्थितीत, ही माणसांची जुनीच खोड, ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये तिच्या पहिल्या अर्ध्याला नावही दिलंय, पण मुलांच्या बाबतीत ती जास्त महागात पडते कारण मुलं मोठ्यांचं म्हणणं खरं धरून बसतात.

त्या नातेवाईक बाई परत म्हणतील, नक्की म्हणतील. तेव्हा मुलीसमोरच, न चिडता, 'कजाग नाही हो काकू, तिचा टर्न होता म्हणून भांडली' एवढं बोला आणि विषय बदला. मुलीला नंतर बाजूला घेऊन समजावलेली दहा वाक्यं एकीकडे आणि सगळ्यांसमोर आई आपल्या बाजूने बोलली ते एकीकडे. 'आईवर गेलीये' याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका, गेली असेल तर कामसूपणातही गेली असेल, ते कुणी मोजलं नाही इतकंच. हवं तर तिला एकदा सांगा की त्या दिवशी ग्लास आपटला ते माझं चुकलं, पण पैसे विचारले ते चुकलं नाही. मुलांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

सगळ्यांशी नातंच तोडावं का असंही एका ओळीत विचारलंयत. मी आत्ता तरी नाही म्हणेन. सासूबाईंशी तुमचं बरं आहे, मुलीला तो चुलतभाऊ आवडतो, भांडण झालं तरी परत त्याच्याशीच खेळायचंय तिला. आणि तोडलंत तर हिशोब कायमचा बुडाला. दुसरा मार्ग, सगळं गिळून परत कामसू व्हायचं, तोही मला पटत नाही, कारण तुम्ही गिळणाऱ्यातल्या नाही, तीन महिन्यांनी दुसरा ग्लास फुटेल. ग्लासाबद्दल माफी मागा, ज्यांच्या घरी तो फुटला त्यांची, सरळ, 'पण' न लावता. हिशोबाबद्दल मागू नका. माफीच्या मेसेजमध्ये हिशोब घालू नका आणि हिशोबाच्या मेसेजमध्ये माफी घालू नका, दोन दिवसांचं अंतर ठेवा.

आणि हिशोबाचा तो मेसेज तुम्ही पाठवूच नका. बिलं तारखेप्रमाणे लावा, कुणी किती भरले ते समोर लिहा, खाली एक बेरीज, एक तारीख, बास, कुठेही विशेषण नको. तो कागद मिस्टरांच्या हातात द्या. ऑपरेशन त्यांच्या आईचं होतं, पैसे द्यायचे राहिलेत ते त्यांच्या भावाने, आणि इतके दिवस मधल्यामध्ये कजाग होण्याचं काम तुमच्याकडे होतं. शब्दाचं मूळ शोधायला ज्यांना वेळ मिळाला त्यांना भावाला एक फोन करायलाही मिळेल. स्पीकरवर करायला सांगा.